न्यायमंत्री क्रेम्यू आणि अर्धवट राहिलेला एक प्रश्न

प्रति,
संयोजन समिती, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा (विधी शाखा),
आणि त्या दुपारी सभागृहात असलेले सगळे विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

परीक्षकांच्या टेबलामागे मधल्या खुर्चीत बसले होते ती मी. तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करते, आणि वर्षातून एकदा तुम्ही बोलावता म्हणून येते. यंदाचा विषय होता 'कायद्याने जग बदलणारा माणूस'. बहुतेकांनी बाबासाहेब निवडले, दोघांनी रानडे. एका मुलाने मात्र असं नाव घेतलं की आम्ही तिघेही परीक्षक एकमेकांकडे बघायला लागलो. आदोल्फ क्रेम्यू, एकोणिसाव्या शतकातला फ्रान्सचा न्यायमंत्री. पहिल्या दोन वाक्यांत तो 'क्रेमियक्स' म्हणाला, मग स्वतःच दुरुस्त केलं. मला ते आवडलं.

भाषण झकास झालं. ज्यू घरात जन्मलेला वकील, दोनदा न्यायमंत्री, गुलामगिरी संपवणाऱ्या सरकारात सामील, आणि 1870 मध्ये एका हुकमाने अल्जेरियातल्या सुमारे पस्तीस हजार ज्यूंना फ्रान्सचे नागरिक करणारा. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण अल्जेरियात फक्त ज्यूच राहत होते का? बाकीच्यांचं..." इथे घंटा वाजली. सूत्रसंचालकांनी माइकवरून सांगितलं की प्रश्नोत्तरांनी विषय भरकटतो, वेळही नाही, पुढचा स्पर्धक यावा. ती बसली. मी मान खाली घालून गुण भरत राहिले. पहिलं बक्षीस त्या मुलाला गेलं आणि प्रमाणपत्रावर सही माझी आहे.

म्हणून हे पत्र. बक्षीस काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याने मेहनत केली होती आणि बोलला चांगलं. पण त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते द्यायला घंटेएवढा वेळ पुरत नाही. चार मित्रांना दाखवता यावं म्हणून खुलं पत्र लिहिते आहे.

सुरुवात शपथेपासून करते, कारण क्रेम्यूंचीही सुरुवात तिथूनच झाली.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी माझ्या एका जमिनीच्या दाव्यात एक म्हातारे साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहिले. पट्टेवाल्याने शपथ घ्यायला सांगितली तर ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "हात कशावर ठेवू?" त्यांनी सिनेमात गीता बघितली होती. कोर्टात गीता नसते हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या टोपीवर हात ठेवला. साहेब हसले नाहीत, हे मी आजवर लक्षात ठेवलं आहे. आपल्याकडे पूर्वी बेलभंडार उचलून शपथ घेत, कंपनीच्या कोर्टांत हिंदूंना गंगाजळावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ देत. 1840 च्या पाचव्या अधिनियमाने ते बंद झालं आणि नुसतं प्रतिज्ञेवर सांगणं पुरेसं ठरलं. माणसाचा खरेपणा त्याच्या धर्माच्या वस्तूला बांधायचा नाही, एवढी साधी गोष्ट. पण तिथपर्यंत यायला वेळ लागला.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट ज्यूंच्या बाबतीत अडून बसली होती. क्रांतीने 1791 मध्ये ज्यूंना नागरिक मानलं. कागदावर सगळे सारखे. तरीही कोर्टात ज्यू माणसाला वेगळी शपथ घ्यावी लागे. तिचं नाव लॅटिन, 'मोरे युदाइको', म्हणजे ज्यूंच्या रीतीने. विशेषतः पूर्वेकडच्या आल्सास प्रांतात हे कडक होतं. साक्षीदाराला किंवा वादी-प्रतिवादीला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात न्यायचं, रब्बीसमोर, त्यांच्या धर्मगुरूसमोर उभं करायचं, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीवर हात ठेवायला लावायचा, आणि खोटं बोललो तर माझ्यावर अमुक शाप पडो असं म्हणवून घ्यायचं. बाकीच्या नागरिकांनी हात वर करून 'शपथ घेतो' म्हटलं की झालं. यामागचा समज उघड आहे: या लोकांचा साधा शब्द धरण्यालायक नाही.

क्रेम्यूंचा जन्म 30 एप्रिल 1796 चा, दक्षिणेतल्या नीम गावचा. 1817 मध्ये ते तिथल्याच कोर्टात वकील म्हणून दाखल झाले. ही वेगळी शपथ त्यांनी मानली नाही. मी फ्रेंच नागरिक आहे, फ्रेंच न्यायालयात उभा आहे, मग शपथही फ्रेंच नागरिकाचीच घेईन, असा त्यांचा युक्तिवाद. 1827 मध्ये नीमच्या न्यायालयात हाच मुद्दा लढवून त्यांनी निकाल मिळवला. पण एका न्यायालयाचा निकाल म्हणजे सगळ्या देशाचा नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग 1839 आलं. फाल्सबूर्गचे तरुण रब्बी लाझार इझिदोर यांना अशी शपथ घेण्यासाठी सिनेगॉग उघडून द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला. खटला उलट त्यांच्यावरच झाला, साव्हेर्नच्या कोर्टात. क्रेम्यू पॅरिसहून वकील म्हणून गेले आणि रब्बी सुटले. पुढे हेच इझिदोर फ्रान्सचे मुख्य रब्बी झाले. शेवटी 3 मार्च 1846 रोजी कूर द कासास्यों, म्हणजे फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ही शपथ कायमची बाद केली. 1817 ते 1846, एकोणतीस वर्षं. त्या मुलाच्या भाषणात याला एक वाक्य होतं. माझ्या मते हेच क्रेम्यूंचं सगळ्यात मोठं काम. मंत्री होण्याआधीचं, हातात एकही हुकूम नसतानाचं, तारखांवर तारखा घेत केलेलं. अर्थात मी वकील आहे, मला असंच वाटणार.

ते 1830 मध्ये पॅरिसला गेले आणि ओदिलों बारो यांची अपील न्यायालयातली वकिलीची जागा विकत घेतली. हो, विकत, तिथे त्या जागा विकत मिळत. त्याच वर्षाच्या शेवटी जुलैच्या क्रांतीत गादीवरून गेलेल्या राजा दहाव्या चार्ल्सच्या मंत्र्यांवर खटला चालला. त्यातल्या गेर्नों-रांव्हिल यांचं वकीलपत्र क्रेम्यूंनी घेतलं. बाहेर जमाव मंत्र्यांची मुंडकी मागत होता आणि आत क्रेम्यू उदारमतवादी असूनही त्या प्रतिगामी मंत्र्याची बाजू मांडत होते. बोलता बोलता त्यांना घेरी आली. मंत्र्यांना फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. अठरा वर्षांनी क्रेम्यू स्वतः सरकारात आले तेव्हा राजकीय गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द करणं हा त्या सरकारच्या पहिल्या निर्णयांपैकी एक होता. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडते आहे, इतिहासाने तसा दाखला दिलेला नाही.

1840 चं दमास्कस प्रकरण तुमच्या वक्त्याने पूर्णच वगळलं, आणि ते तर नाट्यमय आहे. फेब्रुवारीत दमास्कसमधून फादर तोमा हे कापुचिन पंथाचे ख्रिस्ती साधू आणि त्यांचा नोकर बेपत्ता झाले. ज्यूंनी विधीसाठी रक्त हवं म्हणून त्यांना मारलं, अशी आवई उठली. ज्यूंना पकडून त्यांचे हाल केले गेले, काहींनी मारहाणीत कबुली दिली, काही त्यातच मेले. आणि हे करणाऱ्यांच्या पाठीशी कोण? फ्रान्सचाच वकिलात-अधिकारी रात्ती-मांतों. पंतप्रधान तिएर यांनी त्याचीच बाजू घेतली. क्रेम्यूंनी स्वतःच्या सरकारच्या विरोधात जाऊन इंग्लंडचे मोझेस माँटेफिओरे आणि विद्वान सालोमों मुंक यांच्यासोबत इजिप्त गाठलं. सीरिया तेव्हा मुहम्मद अलीच्या ताब्यात होता. ऑगस्टअखेर सुटकेचा हुकूम निघाला आणि जिवंत राहिलेले नऊ कैदी सुटले. परत येताना क्रेम्यू आणि मुंक यांनी इजिप्तमधल्या ज्यू मुलांसाठी शाळा काढल्या. पुढे 1860 मध्ये पॅरिसला आलियांस इस्राएलीत युनिव्हर्सेल ही ज्यूंची संस्था निघाली. तिचं अध्यक्षपद क्रेम्यूंनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि शाळा काढणं हेच तिचं मुख्य काम झालं.

एक घरगुती गोष्ट. 1845 मध्ये त्यांच्या पत्नी आमेली यांनी मुलांचा बाप्तिस्मा केला, म्हणजे त्यांना ख्रिस्ती करून घेतलं. क्रेम्यू तेव्हा ज्यूंच्या मध्यवर्ती संस्थेचे, कन्सिस्टोरीचे, अध्यक्ष होते. त्यांनी पद सोडलं. संसार मात्र मोडला नाही. दोघं पुढची पस्तीस वर्षं एकत्र राहिली आणि गेलीही काही दिवसांच्या अंतराने, 1880 मध्ये.

आता मंत्रिपद. 24 फेब्रुवारी 1848, पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती. त्या दिवशी दुपारपर्यंत क्रेम्यू प्रजासत्ताकवादीही नव्हते. राजा लुई फिलिपने नातवाच्या नावे गादी सोडावी आणि सुनेने, ओर्लेआंच्या डचेसने, राज्य चालवावं, या मताचे होते. संध्याकाळी ते प्रजासत्ताकाच्या हंगामी सरकारात न्यायमंत्री होते, पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकातल्या जुन्या वाड्यात. फ्रान्समध्ये न्यायमंत्र्याला 'गार्द दे सो' म्हणतात, शिक्क्यांचा राखणदार. त्यांच्यावर संधिसाधूपणाचा आरोप झाला तो यावरूनच, आणि तो निव्वळ बिनबुडाचा नाही. पण क्रांतीच्या दिवशी मत बदलणारे ते एकटे नव्हते.

गुलामगिरीबद्दल एक दुरुस्ती करायला हवी. 27 एप्रिल 1848 च्या हुकमावर हंगामी सरकारच्या इतर सभासदांबरोबर क्रेम्यूंचीही सही आहे, हे खरं. पण ते काम गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या व्हिक्तोर शल्शेर यांचं, आणि ते आरमार-वसाहत खात्यातून झालं. फ्रेंच वसाहतींतले जवळपास अडीच लाख लोक त्या हुकमाने मुक्त झाले. वर्षभराने भरपाईचा कायदाही झाला, पण पैसे मळेवाल्यांना मिळाले, गुलामांना नाहीत. आणि रिकाम्या झालेल्या उसाच्या मळ्यांसाठी 1853 पासून पुदुच्चेरी-कारैकलहून हिंदी मजूर करारावर मार्तिनिक-ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवर नेले गेले. 'गुलामगिरी संपली' असं भाषणात म्हणताना पुढच्या वाक्यात ही माणसं आली असती तर मी दोन गुण जास्त दिले असते.

न्यायमंत्री म्हणून त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एक विधेयक होतं, घटस्फोटाचं. क्रांतीने दिलेला घटस्फोटाचा हक्क राजेशाही परत आल्यावर 1816 मध्ये काढून घेतला होता. मे 1848 मध्ये क्रेम्यूंनी तो परत आणायचं विधेयक मांडलं. नव्या लोकसभेला ते मुळीच रुचलं नाही. वर्तमानपत्रांनी आणि व्यंगचित्रकारांनी टर उडवली. विधेयक बारगळलं. फ्रान्सला घटस्फोट परत मिळाला तो 1884 मध्ये, आल्फ्रेद नाके यांच्या कायद्याने. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

जूनमध्ये राजीनामा. 15 मे रोजी जमाव लोकसभेत घुसला होता आणि त्याबद्दल समाजवादी लुई ब्लांवर खटला भरायला सभेची परवानगी मागितली गेली. मागणारे सरकारी वकील क्रेम्यूंच्याच खात्याचे. मतदानाच्या वेळी क्रेम्यूंनी विरोधात मत दिलं. वकील म्हणाले, आम्ही यांनाच विचारून अर्ज केला होता. सगळं चव्हाट्यावर आलं आणि 7 जून 1848 ला मंत्रिपद गेलं. साडेतीन महिन्यांचा कारभार. पुढे लुई नेपोलियनला आधी साथ, मग विरोध, आणि 2 डिसेंबर 1851 ला त्याने सत्ता बळकावली तेव्हा अटक होऊन माझासचा तुरुंग. तो सम्राट झाला, आणि क्रेम्यूंची ती साम्राज्याची वर्षं वकिलीत गेली. त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या तरुणांत एक होता लेओं गांबेता. तो लवकरच पुन्हा येतो.

आता ऑक्टोबर 1870. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातलेला. सम्राट कैदेत, 4 सप्टेंबरला पुन्हा प्रजासत्ताक जाहीर झालेलं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे क्रेम्यू पुन्हा न्यायमंत्री. बाहेरून कारभार चालवायला सरकारने त्यांना तूर शहरात पाठवलं. आर्चबिशपच्या वाड्यात त्यांची सोय झाली. ज्यू मंत्री कॅथलिक आर्चबिशपचा पाहुणा, ही त्या धामधुमीतली गंमत. 7 ऑक्टोबरला गांबेता पॅरिसहून फुग्यात बसून निघाला आणि दोन दिवसांनी तूरला पोहोचला. जुना शिष्य आता युद्धमंत्री. मेत्सच्या वेढ्यात अडकलेलं फ्रेंच सैन्य शरण जायला तीन दिवस उरले असताना, 24 ऑक्टोबरला, या मंडळींनी अल्जेरियासंबंधी एकाच दिवशी अनेक हुकूम काढले. त्यातला 136 क्रमांकाचा म्हणजे 'क्रेम्यू हुकूम'. सह्या चार: क्रेम्यू, गांबेता, ग्ले-बिझ्वें आणि अ‍ॅडमिरल फूरिशों.

हुकूम अगदी आखूड आहे. अल्जेरियाच्या जिल्ह्यांतले मूळ रहिवासी ज्यू फ्रेंच नागरिक जाहीर करण्यात येत आहेत. यापुढे त्यांच्या मालमत्तेला आणि व्यक्तिगत बाबींना फ्रेंच कायदा लागू राहील. आजवर मिळालेले हक्क अबाधित. एवढंच. अर्ज नाही, चौकशी नाही, कुणाची निवड नाही. एका रात्रीत सरसकट.

कल्पना क्रेम्यूंची एकट्याची नव्हती. साम्राज्याच्या अखेरीस एमिल ओलिव्हिये यांच्या सरकारनेही असा मसुदा करून ठेवला होता, अल्जेरियातल्या ज्यू पुढाऱ्यांनी आणि फ्रान्समधल्या ज्यूंनी अर्ज-विनंत्या केल्या होत्या. स्वतः क्रेम्यू अनेकदा तिकडे जाऊन आले होते. त्यामुळे 'घाईघाईत, युद्धाच्या आडून' ही टीका मला अर्धीच पटते. काम जुनं होतं. मुहूर्त तेवढा विचित्र.

आता त्या मुलीचा प्रश्न. बाकीच्यांचं काय?

अल्जेरियात तेव्हा मुसलमान वीस लाखांवर होते. 1830 पासून फ्रान्सने तो देश लढून घेतला होता. 14 जुलै 1865 च्या कायद्याने त्यांना सांगितलं होतं: तुम्ही फ्रेंच आहात, पण नागरिक नाही. नागरिक व्हायचं तर एकेकट्याने अर्ज करा आणि लग्न, वारसा वगैरे बाबतींतला तुमचा धार्मिक कायदा सोडा. ज्यूंनाही तोवर हाच नियम होता आणि अर्ज फारच थोड्यांनी केले, दोन्हीकडून. कारण तो धार्मिक कायदा सोडणं म्हणजे आपल्या माणसांतून उठणं. 24 ऑक्टोबरला ज्यूंसाठी ही अट एका फटक्यात मोडली, त्यांना विचारल्याशिवाय. मुसलमानांसाठी त्याच दिवशी दुसरा हुकूम निघाला, 137 क्रमांकाचा. त्यात अर्जाची पद्धत ठरवून दिली होती. म्हणजे शेजारच्या दोन घरांपैकी एकाला सातबारा हातात, दुसऱ्याला अर्जाचा नमुना.

तुमच्या वक्त्याने 136 वाचला. 137 वाचला नाही. शेजारीच होता.

फ्रेंचांनी भारतातही व्यक्तिगत कायदा सोडण्याची हीच वाट काढली, 1881 च्या हुकमाने. पुदुच्चेरीत ज्यांनी तो सोडला त्यांना 'रनोंसां', म्हणजे त्यागी, असं नाव पडलं. तिथेही एकेकट्याचा अर्ज. (व्यक्तिगत कायद्यावरून आपल्याकडे चाललेले वाद तुमच्या डोक्यात येत असतील. माझ्याही येतात. तिकडे वळले तर हे पत्र संपायचं नाही.)

आणि आता घटस्फोट. अल्जेरियातल्या ज्यूंना त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट होता. रब्बींच्या न्यायालयात तो मिळे. 24 ऑक्टोबरपासून त्यांना फ्रेंच कायदा लागला. फ्रेंच कायद्यात घटस्फोट नव्हता. 1848 मध्ये जो हक्क फ्रान्सला द्यायला क्रेम्यू निघाले होते, तोच त्यांच्या सहीने अल्जेरियातल्या ज्यू बायका-पुरुषांकडून चौदा वर्षांसाठी गेला. दुसरी बायको करण्याची मुभाही गेली, ते बरंच झालं. पण ज्या बाईला नवऱ्यापासून सुटायचं होतं तिच्या हातात 'नागरिक' हा शब्द आला आणि दार बंद झालं. नागरिकत्वाने मतही मिळालं नाही तिला. मत पुरुषांना होतं. मला या हुकमात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कक्षेबाहेर राहिलेलेही ज्यू होते. म्झाब हा सहारातला भाग फ्रान्सने 1882 मध्ये जोडून घेतला. तो त्या 'जिल्ह्यां'त नव्हता, म्हणून तिथल्या ज्यूंना हा हुकूम लागू झाला नाही. त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालं 1961 मध्ये, अल्जेरिया स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी.

क्रेम्यूंच्या बाजूनेही बोलते, कारण उलटतपास घ्यायचा तर दोन्हीकडून घ्यावा. मुसलमानांनाही असंच सरसकट नागरिक केलं असतं तर? तिथले फ्रेंच वसाहतवाले मतदानात अल्पसंख्य झाले असते आणि त्यांनी ते एक दिवस चालू दिलं नसतं. मुसलमान पुढाऱ्यांनाही धार्मिक कायदा असा हिसकावून घेतलेला रुचला नसता. वसाहतीचं राज्य क्रेम्यूंनी उभारलं नव्हतं. पण त्यांनी ज्या बाजूने दार उघडलं ती बाजू राज्यकर्त्यांच्या सोयीची होती, हेही तितकंच खरं. पस्तीस हजार फ्रेंच मतदारांच्या बाजूला आले, वीस लाख बाहेर राहिले, आणि 1881 पासून त्या वीस लाखांवर 'आंदिजेना' नावाचे खास शिक्षेचे नियम बसले. परवाना नसताना प्रवास, अधिकाऱ्याशी उद्धटपणा, असल्या गोष्टींना दंड-कैद, आणि तेही कोर्टाबाहेर. नीमच्या तरुण वकिलाने वेगळ्या शपथेविरुद्ध जो युक्तिवाद केला होता, तो यांच्यासाठी कुणी केला नाही.

मार्च 1871 मध्ये अल्जेरियाच्या काबिली भागात मोक्रानी या मुसलमान सरदाराचं बंड झालं. क्रेम्यू हुकमामुळेच झालं, असं त्याच्या विरोधकांनी लगेच सांगायला सुरुवात केली. हे मात्र मला पटत नाही. दुष्काळ होता, कर्ज होतं, लष्करी अधिकारी जाऊन वसाहतवाल्यांचा कारभार येणार ही धास्ती होती. पण ज्यूंवर खापर फोडणं सोपं. हुकूम मागे घ्यायची खटपट पॅरिसमध्ये सुरू झाली. तो टिकला, पण ऑक्टोबर 1871 मध्ये त्याला मुरड घातली गेली: आम्ही किंवा आमचे वाडवडील फ्रेंच येण्याआधीपासून इथलेच, हे सिद्ध करा. 1898 मध्ये एदुआर द्र्युमों, ज्यूद्वेष हाच ज्याचा धंदा, तो अल्जिअर्समधून खासदार म्हणून निवडून आला. हे मतदार फ्रेंच वसाहतवाले, मुसलमानांना तर मतच नव्हतं. ऑगस्ट 1934 मध्ये कॉन्स्तान्तीन शहराच्या दंगलीत पंचवीस ज्यू मारले गेले, या वेळी मुसलमान जमावाकडून. एका बाजूला ज्यांनी यांना कधी आपलं मानलं नाही ते, दुसऱ्या बाजूला ज्यांच्यापासून यांना तोडलं ते.

आणि 7 ऑक्टोबर 1940. जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने क्रेम्यू हुकूम रद्द केला. जसा दिला तसाच काढला, कागदाच्या एका तुकड्याने. एक लाखाहून जास्त माणसं, ज्यांचे आजोबा नागरिक होते, पुन्हा 'मूळ रहिवासी' झाली. नोकऱ्या गेल्या, मुलांच्या शाळेतल्या जागांवर टक्केवारी आली. अल्जिअर्सजवळच्या एल बियारमधला बारा वर्षांचा एक मुलगा 1942 मध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी घरी पाठवला गेला. त्याचं नाव झाक देरिदा, पुढचा नामवंत तत्त्वज्ञ. नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकन-ब्रिटिश सैन्य अल्जेरियात उतरलं, व्हिशीचं राज्य गेलं, आणि तरी मार्च 1943 मध्ये तिथला कारभार बघणारे फ्रेंच जनरल जिरो यांनी क्रेम्यू हुकूम रद्दच ठेवला. कारण काय दिलं? ज्यू आणि मुसलमान यांच्यात भेदभाव नको. सत्तर वर्षांत ज्यांना मुसलमानांची समता आठवली नव्हती त्यांना ती नेमकी तेव्हा आठवली, आणि ती साधायची कशी, तर ज्यूंचं काढून. ऑक्टोबर 1943 मध्ये हुकूम परत लागू झाला. मुसलमान नागरिकत्वापर्यंत पोहोचले ते 1946-47 मध्ये, तेही मतपेटी वेगळी ठेवून.

क्रेम्यूंना यातलं बरंचसं बघावं लागलं नाही. 1872 मध्ये अल्जिअर्सने त्यांना निवडून दिलं, 1875 मध्ये ते आजीव सेनेटर झाले, आणि 10 फेब्रुवारी 1880 रोजी पॅरिसमध्ये वारले. माँपार्नास दफनभूमीत त्यांना पुरलं.

आता समितीकडे माझी मागणी, आणि ती अगदी किरकोळ आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक भाषणानंतर पाच मिनिटं प्रश्नांची ठेवा आणि त्याला वीस गुण द्या. आपण वकील तयार करतो आहोत. समोरून प्रश्न आल्यावर जो घंटेची वाट बघतो त्याला पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर कोण वाचवणार? भाषणांची संख्या कमी करावी लागली तर करा. तीच ती चार नावं आठ वेळा ऐकण्यापेक्षा ते बरं. वार्षिक अंकात हे भाषण छापणार असाल तर त्या मुलाला 137 क्रमांकाचा हुकूमही वाचायला द्या आणि भाषण पुन्हा लिहू द्या. तो लिहील. दोन वाक्यांत उच्चार सुधारणारा मुलगा आहे.

त्या मुलीचं नाव मला कळलं नाही. तिचा प्रश्न मी गुणपत्रिकेच्या मागे लिहून घेतला होता. 'बाकीच्यांचं' इथपर्यंत आहे. पुढचे शब्द घंटेत गेले. वर मी जे लिहिलं ते तिला काय विचारायचं असेल या माझ्या अंदाजावर. तिला कदाचित वेगळंच काही विचारायचं असेल. तिच्यापर्यंत हे पत्र पोहोचलं तर तिने उरलेला प्रश्न मला लिहून पाठवावा. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आहे, मला वेळ आहे.

आपली,
मधल्या खुर्चीतली परीक्षक